पारा अडतीसच होता

आमच्या आर्णीकडे जिनिंगचा हंगाम दिवाळीनंतर सुरू व्हायचा आणि होळीपर्यंत, फार तर पाडव्यापर्यंत आटोपायचा. मी मिस्त्री म्हणून कामाला लागलो तेव्हा तसंच होतं. उन्हाळ्यात कारखाना बंद. मशीनी उघडायच्या, साफ करायच्या, रोलर नवे चढवायचे आणि उरलेला वेळ अब्बांच्या वर्कशॉपमध्ये डिझेल इंजिनं दुरुस्त करत बसायचं.

मग कापसाचे भाव पडत गेले ती वर्षं आली. लोक कापूस घरातच भरून ठेवायला लागले. झोपायच्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस आणि माणसं अंगणात, अशी घरं मी पाहिली आहेत. आज ना उद्या भाव चढेल म्हणून वाट पाहायची. तो चढत नसे. अक्षय्य तृतीया झाली, पेरणी तोंडावर आली की बियाण्याची सोय करायला सगळ्यांचाच कापूस एकदम बाहेर निघायचा. कारखान्याच्या आवारात उघड्यावर त्याचे ढीग लागायचे. पाऊस पडायच्या आत त्यातली सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधून झाल्या पाहिजेत, नाहीतर सगळं सडलं. म्हणून ज्या मे महिन्यात आमच्याकडे कुत्रंसुद्धा दुपारी रस्त्यावर दिसत नाही, त्या महिन्यात आमचा कारखाना दिवसभर चालायला लागला.

आत काय असायचं ते सांगतो. वर पत्रे. चोवीस मशीनी दोन रांगांत. मशीनच्या मागे कमरेएवढा ओटा, त्यावर बायका बसायच्या आणि हाताने कापूस मशीनमध्ये घालायच्या. रोलर चामड्याचे, सारखे घासून तापायचे आणि जळक्या चामड्याचा वास सुटायचा. पंखा लावायची सोय नव्हती, कारण रुई उडते. खिडक्या त्याच कारणाने बंद. शिवाय ठिणगीची भीती. एकदा रुईने पेट घेतला तर काही हाती लागत नाही. कापूस फार कोरडा झाला की धागा तुटतो म्हणून त्यावर पाणी मारायचे. त्यामुळे आत नुसती धग नव्हती, वाफ होती. बायका नाकातोंडाला लुगड्याचा पदर नाहीतर जुनं फडकं बांधून बसायच्या. त्या फडक्यावर तासाभरात रुईचा पांढरा थर साचायचा.

नऊ नंबरच्या मशीनवर एक मावशी होती. वय पन्नाशीच्या आतबाहेर. जवळच्याच गावची. घरी थोडी कोरडवाहू जमीन होती, नवरा तिथे राबायचा आणि ही इथे. ती मला मिस्त्री म्हणायची, मी तिला मावशी. कामाला अतिशय नीट. मशीनचा आवाज जरा बदलला तरी तिला कळायचं. मी पाना घेऊन पोहोचायच्या आत ती हात आवरून बसलेली असायची आणि बोटाने दाखवायची, इथं वाजते. तिचं दाखवणं कधी चुकलं नाही. माझ्या बायकोच्या बाळंतपणात तिने घरून डिंकाचे लाडू करून आणले होते. डबा माझ्या हत्यारांच्या पेटीवर ठेवला आणि ओट्यावर जाऊन बसली.

एका वर्षी मेच्या सुरुवातीला गाठी वाहणारा एक हमाल गाठी दाबायच्या प्रेसजवळ चक्कर येऊन पडला. तो वाचला. पण त्याला ज्या दवाखान्यात नेलं तिथला डॉक्टर दुसऱ्या दिवशी आपणहून मोटारसायकलवर कारखान्यात आला. तरुण होता, नवीनच रुजू झालेला, बोलण्यावरून पश्चिम महाराष्ट्रातला. आत गेला आणि पाच मिनिटांत बाहेर येऊन शर्टाची बटणं सोडत उभा राहिला. मग त्याने मॅनेजरला आणि मला समोर बसवून सांगितलं. आत थर्मामीटर लावा. चाळीसच्या वर पारा गेला की काम थांबवा. दर वीस मिनिटांनी पाणी, तहान लागो न लागो. पहाटे लवकर सुरू करा, दुपारी बंद ठेवा, संध्याकाळी पुन्हा चालवा. घाम यायचा थांबला, माणूस चिडचिड करायला लागला, असंबद्ध वागायला लागला, तर एक क्षण थांबू नका. सावलीत न्या आणि अंगावर पाणी ओता. आणि जो माणूस नवा आहे, किंवा आठ-दहा दिवस सुट्टी घेऊन परत आला आहे, त्याला पहिला आठवडाभर अर्धंच काम द्या. अंगाची सवय मोडलेली असते, तोच आधी पडतो.

मी हे सगळं एका कागदावर लिहून घेतलं. मराठी शाळेत शिकलेला, अक्षर चांगलं, म्हणून असली कामं माझ्याकडेच यायची.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. मालक नागपूरला असायचा आणि रोज फोनवर आज किती गाठी झाल्या एवढंच विचारायचा. त्याला तोंड मॅनेजरला द्यावं लागायचं. तो डॉक्टरला म्हणाला, चाळीस कसं परवडेल, बाहेर सावलीतच त्रेचाळीस असतं. डॉक्टर म्हणाला, म्हणूनच तर दुपारी बंद ठेवा म्हणतो. बाजारात कापसाच्या भावाची होते तशी चाळीस-बेचाळीसची घासाघीस झाली आणि शेवटी बेचाळीसवर ठरलं. आता वाटतं, तिथेच मला काहीतरी कळायला हवं होतं.

यवतमाळहून मी थर्मामीटर आणला आणि नऊ नंबरच्या मशीनजवळच्या खांबाला ठोकला. आठ दिवस सगळं नीट चाललं. पहाटे पाचला भोंगा व्हायचा, अकराच्या सुमारास पारा बेचाळीसला टेकायचा आणि मी मशीनचा मेन बंद करायचो. पट्टे फडफडत थांबायचे. बायका खाली उतरून आवारातल्या कडुलिंबाखाली जायच्या, डबे सोडायच्या, आडव्या व्हायच्या. पाचला पुन्हा काम. मावशी त्या खांबाकडे पाहून एकदा म्हणाली होती की एवढ्याशा काचेच्या नळीचं ऐकतात सगळे, आमचं कोणी ऐकत नव्हतं.

नवव्या दिवशी दुपारी आभाळ भरून आलं. पाऊस पडला नाही, पण वारं सुटलं आणि आवारातल्या ढिगांवरच्या ताडपत्र्या उडाल्या. संध्याकाळी मालकाचा फोन आला. दुसऱ्या दिवशी सकाळी मॅनेजरने मला बोलावलं. म्हणाला, खांबावर पत्र्याची धग येते, तिथला पारा खरा नाही. थर्मामीटर ऑफिसात लावा, म्हणजे रजिस्टरमध्ये नोंदही नीट राहील. ऑफिसात कुलर होता. वाळ्याच्या ताट्यांतून पाणी झिरपायचं आणि त्याचा वारा थेट समोरच्या भिंतीवर यायचा. मॅनेजरने दाखवलेली जागा त्याच भिंतीवर होती.

मी काही बोललो नाही. अब्बांचं वर्कशॉप तोवर बंद पडलं होतं, घरात मीच एकटा कमावता होतो. पण बोललो असतो तर काम गेलंच असतं, असंही मला आज म्हणता येत नाही. मी बोलून पाहिलंच नाही. खांबावरचा खिळा उपटला, ऑफिसच्या भिंतीत ठोकला, थर्मामीटर टांगला. त्या दिवशी दुपारी दोनला त्यात अडतीस होते. मी रजिस्टरमध्ये अडतीस लिहिलं आणि मशीनी चालू राहिल्या.

बायकांना कळायला वेळ लागला नाही. बाकीच्या आपसांत बोलल्या. मावशीने मात्र मी रोलर तपासायला गेलो तेव्हा विचारलं.

"मिस्त्री, आमी त इथं बसतो. ते तिकडे काहून नेलं?"

मी म्हणालो, मालकाने सांगितलं. तिने फडकं पुन्हा नाकावर ओढलं आणि कापूस घालायला लागली. त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

चार-पाच दिवसांनी ती रजा मागायला आली. तिची मुलगी पुसदला दिलेली होती, तिचं पहिलं बाळंतपण आलं होतं. मॅनेजरने कुरकुर करत जा म्हटलं. ती दहा दिवस गेली. नातू झाला हे तिने परत आल्यावर सांगितलं तेव्हा तिचा चेहरा फुलला होता. ती परत आली त्या दिवशी नऊ नंबरवर बदलीला बसवलेली बाई आलीच नव्हती. आणखी दोन ओटे रिकामे होते. मला डॉक्टरचं बोलणं आठवलं. आठवलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी विचार केला, मावशी जुनी आहे, मजबूत आहे, आणि तिने नऊ सांभाळली तर मला धावपळ पडणार नाही. मी तिला पूर्ण पाळीला बसवलं. तीही लगेच ओट्यावर चढली.

दुपारी एकच्या पुढे सहा नंबरचा पट्टा तुटला, मी त्यात गुंतलो. तेवढ्यात मावशीचं आणि शेजारच्या दहा नंबरच्या बाईचं काहीतरी वाजलं. मला पाय लावला, कापूस सांडला, असं काहीतरी. मावशी कधी कोणाशी भांडत नसे. मी लांबूनच ओरडून दोघींना गप्प केलं. मग पट्टा जोडून झाल्यावर रांगेतून परत येताना पाहिलं, नऊ नंबर अडकून बंद पडली होती आणि मावशी त्या बंद मशीनमध्येच कापूस घालत होती. वर ढीग झाला होता, बाजूने खाली पडत होता, तरी ती मूठ भरून घालतच होती. एरवी आवाज जरा बदलला तरी हात आवरणारी बाई. मी वैतागून म्हणालो, मावशी, दिसत नाही का, बंद आहे. तिने माझ्याकडे पाहिलं पण ओळखलं नाही. चेहरा लालबुंद आणि कोरडा, घामाचा थेंब नाही. तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. मी वाकून रोलरमधला गुंता काढायला लागलो. पाच मिनिटं गेली असतील, कदाचित जास्त. मागे काहीतरी पडल्याचा आवाज आला. ती ओट्यावरून सरकी पडते त्या जाळीवर कोसळली होती.

तिला उचललं तेव्हा अंग असं तापलेलं होतं की हात मागे ओढावा. आम्ही तिला दाराशी सावलीत आणलं. कोणी तिच्या तोंडात पाणी ओतायला लागलं, ते बाहेरच येत होतं. पिण्याचा माठ तेवढ्यात संपला. भिंतीला आगीसाठी लाल रंगाच्या बादल्या भरून टांगलेल्या होत्या, आग सोडून कशालाही त्यांना हात लावायचा नाही अशी सक्त ताकीद. सगळे त्या बादल्यांकडे पाहत होते आणि कोणी उठत नव्हतं. मीही. मग मीच उठलो आणि एकामागून एक सगळ्या तिच्या अंगावर ओतल्या. पाणी गरम होतं. पत्र्याखाली दिवसभर टांगलेलं.

मेटॅडोरमधून तिला दवाखान्यात नेलं. तोच तरुण डॉक्टर होता. त्याने बर्फ मागवला, ओल्या चादरी केल्या, मग यवतमाळला मोठ्या दवाखान्यात पाठवलं. गाडीत चढवताना त्याने मला एकच विचारलं, किती दिवसांनी कामावर आली होती. मी सांगितलं, दहा. तो वळून आत गेला. तिला शुद्ध आली नाही. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली.

तिच्या गावी मातीला मी गेलो होतो. नवरा गोठ्याच्या भिंतीला टेकून बसलेला, कोणी काही विचारलं तर मान हलवत होता. त्याने मला पाहिलं आणि बाजूला सरकून जागा करून दिली. मी तिथे बसू शकलो नाही. उभाच राहिलो.

आठवड्याभराने जिल्ह्याहून एक साहेब चौकशीला आले. ऑफिसात कुलरसमोर बसले, सरबत प्यायले. मॅनेजरने सांगितलं, बाईला आधीपासून चक्करचा त्रास होता, बाळंतपणाच्या धावपळीने थकून आली होती. साहेबांनी विचारलं, आत तापमानाची काही नोंद ठेवता का. मॅनेजरने रजिस्टर पुढे केलं. साहेबांनी ती तारीख काढली.

"हे तुमचं अक्षर?"

"हो साहेब."

"अडतीस होतं?"

"हो साहेब. पारा अडतीसच होता."

थर्मामीटर त्यांच्या डोक्यावरच टांगलेला होता. त्यांनी मान वर करून एकदा पाहिलं. कुठे टांगला होता असं त्यांनी विचारलं असतं तर मी काय सांगितलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. त्यांनी विचारलं नाही. त्यांनी सही केली, रुमालाने मान पुसली आणि गाडीत बसून गेले. मी एकही शब्द खोटा बोललो नव्हतो. त्या दिवशी घरी गेल्यावर बायकोने भाकरी वाढली, मी ताटावरून उठलो. तिने कारण विचारलं, मी पोट बरं नाही म्हणालो.

पाऊस लांबला आणि कारखाना जूनच्या मध्यापर्यंत चालला. नऊ नंबरवर दुसरी बाई आली. थर्मामीटर ऑफिसातच राहिला, मी रोज आकडा लिहीत राहिलो. बेचाळीस एकदाही झालं नाही.

पाऊस सुरू झाल्यावर, कारखाना बंद असताना, मी पुसदची एसटी पकडली. मावशीच्या मुलीचं घर शोधायला वेळ लागला. भाड्याची एक खोली, झोळीत बाळ. तिने मला ओळखलं नाही. जिनिंगचा मिस्त्री म्हटल्यावर ओळखलं. आई सांगायची म्हणे माझ्याबद्दल, मशीन कळणारा माणूस म्हणून. तिने पाणी दिलं. मी येतानाच ठरवलं होतं, म्हणून ग्लास खाली ठेवायच्या आधीच सांगायला सुरुवात केली. खांब, खिळा, कुलर, डॉक्टरचा कागद, तिला पूर्ण पाळीला बसवलं ते, बंद मशीन, साहेबांना दिलेलं उत्तर. काहीच गाळलं नाही. ती झोळीला हलके झोके देत ऐकत होती. मध्ये एकदा हात थांबला, बाळ कुरकुरलं, पुन्हा झोके सुरू झाले.

माझं झाल्यावर तिने बाळाचं पांघरूण सारखं केलं. मग म्हणाली, आईला मी अजून दोन दिवस थांब म्हटलं होतं. नाही म्हणाली. मिस्त्रीची मशीन रिकामी पडून असेल म्हणाली.

मी म्हणालो, तू सांगशील तिथे येऊन मी हे खरं सांगायला तयार आहे. कोणापुढेही.

"त्या दिवशी साहेब समोर बसला होता," ती म्हणाली. "तेव्हा नाई सांगतलं. आता मले कायले सांगून राह्यले?"

तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. मला वाटलं होतं की सांगितलं म्हणजे माझ्या अंगावरचं काहीतरी उतरेल. ते उतरलं नाहीच, तिच्या अंगावर मात्र चढलं. तोवर तिच्या लेखी आई चक्कर येऊन गेलेली होती. आता ती अशी, आमच्या हातून गेली होती. नवरा कामावरून येण्याआधी तुम्ही जा, एवढं मुलगी म्हणाली. त्याला कळलं तर भांडण करायला आर्णीला येईल आणि त्यातून काही निघणार नाही. मी उठलो. बाळाच्या हातात काही ठेवावं म्हणून खिशात हात घातला, तिने नको म्हणून मान हलवली.

परतीच्या एसटीत खिडकीबाहेर सगळीकडे पेरणी चालली होती. ओल्या काळ्या रानात बायका ओळीने वाकून सरकी मातीत टोबत होत्या. पुन्हा कापूसच. मला त्याचं नवल वाटलं नाही, नुसतं पाहत बसलो.

मी तो कारखाना सोडला नाही. लोकांना वाटतं, अशा गोष्टीनंतर माणूस बदलतो. मी आणखी सहा हंगाम तिथेच काढले. त्यातले चार मेमध्ये चालले. पुढच्या एका हंगामात मी मॅनेजरला म्हणालो होतो की थर्मामीटर परत आत लावू. तो म्हणाला, बघू. मी पुन्हा विचारलं नाही. दरवर्षी दोन-तीन बायका चक्कर येऊन पडायच्या, लिंबाखाली शुद्धीवर यायच्या आणि दुसऱ्या दिवशी कामावर यायच्या. मी त्यांच्या अंगावर पाणी ओतायचो, ते आता लवकर ओतायचो, एवढाच काय तो फरक. शेवटी मालकाने कारखाना दुसऱ्याला विकला, नव्याने आपोआप कापूस घालणाऱ्या मशीनी आणल्या आणि ओट्यावरच्या सगळ्या बायका एका दिवसात घरी गेल्या. मलाही काढलं.

ती रजिस्टरं नव्या मालकाने रद्दीत घातली असतील. अक्षर माझं होतं. ओळीने अडतीस, सदतीस, अडतीस, एकोणचाळीस, अडतीस. कोणी उघडून पाहिली असती तर त्याला वाटलं असतं, काय सुखाचे उन्हाळे होते ते आर्णीचे.